अण्णांची लेझर बंदूक आणि दत्तामामाची पिकअप

अण्णा महामार्ग पोलिसांत हवालदार होते आणि त्यांना गाडी चालवता येत नव्हती. हे गावाला ठाऊक होतं, त्यांच्या साहेबांनाही ठाऊक होतं, आणि माझ्या वडिलांना त्याचं कधी काही वाटलं नाही. सायकल मात्र ते झकास चालवायचे. पिंपळवंडीतल्या आमच्या मळ्यातल्या घरापासून हमरस्त्यापर्यंत सायकल, तिथून एसटी नाहीतर मिळेल ती जीप, आणि मग मंचरच्या पलीकडची त्यांची चौकी. माणूस सगळ्याच बाबतीत सावकाश. आई म्हणायची, "ह्यांना हाक मारावी आन् भाकरी थापायला घ्यावी. भाकरी फुगती, तवा कुठं ह्यांची ओ येती." अशा माणसाच्या हातात खात्यानं एके दिवशी वेग मोजायची बंदूक दिली.

घर हमरस्त्यापासून दोन वावरं आत होतं. रस्ता दिसायचा नाही, पण चोवीस तास ऐकू यायचा. चढाला लागलेला ट्रक कसा कण्हतो, रिकामा टँकर कसा खडखडतो, नाशिककडून येणाऱ्या लक्झरी बसचा हॉर्न कसा सनईसारखा वळतो, हे मला अंथरुणात पडल्या पडल्या कळायचं. त्यातच पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि उसात बिबट्या फिरायला लागला की कुत्र्यांचं ते खालच्या पट्टीतलं गुरगुरणं. आई तेवढ्यापुरती उठायची, शेळ्यांच्या गोठ्याची कडी तपासायची आणि परत येऊन झोपायची. मी तेव्हा कॉलेजात पदार्थविज्ञान घेऊन शेवटच्या वर्षाला होते. घरात आम्ही तिघंच. चौथा माणूस म्हणजे दत्तामामा. तो राहायचा लेण्याद्रीच्या पायथ्याला, पण आठवड्यातून तीनदा तरी त्याचं ताट आमच्याकडे पडायचं.

दत्तामामा आईचा धाकटा भाऊ. टोमॅटोच्या हंगामात त्याची पिकअप नारायणगावच्या बाजारातून क्रेट भरून वाशीला जायची. माल जो आधी पोहोचवतो त्याला शेतकरी पुन्हा बोलावतात, एवढं एकच शास्त्र त्याला माहीत. तो भरधाव यायचा, अंगणात फुफाटा उडवत थांबायचा, आणि इंजिन बंद व्हायच्या आत त्याची हाक चुलीपाशी पोहोचायची, "आक्के, काय केलंय?" त्याच्यासाठी आई मासवडी करायची. मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्यांना अजून सांगावं लागतं. ओल्या फडक्यावर बेसनाचं शिजवलेलं पीठ थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसूण, कांदा असं भाजून कुटलेलं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करून वड्या पाडायच्या, आणि सोबत तोंडाला घाम फुटेल असा काळा रस्सा. मी आजही करते, पण माझी गुंडाळी अजून मधेच चिरते. आईची कधी चिरलेली मी पाहिली नाही. मामा वडी रश्शात बुडवायचा, डोळे मिटायचा, आणि तेवढा वेळ तरी जगातली कुठलीही गोष्ट त्याला घाईची वाटायची नाही.

बंदुकीचं प्रशिक्षण पुण्याला झालं. अण्णा परतले तेव्हा भलतेच खुशीत होते. "मने, लेझर म्हंजे काय गं?" त्यांनी हातपाय धुता धुता विचारलं. मी पुस्तकातलं सांगितलं, सरळ एका रेषेत जाणारा, न पसरणारा उजेड. अण्णांनी मान डोलवली, कोनाड्यातला रबरी चेंडू घेतला आणि ओसरीच्या भिंतीवर मारला. परत आला तो झेलला. "असं हाय ते. बंदूक उजेडाचा ठोका टाकती. तो गाडीवर आपटून माघारी येतो. किती येळात आला, त्यावरनं गाडी किती लांब ते कळतं. मग लगीच दुसरा ठोका, तिसरा. पापणी लवायच्या आत शेकडो. दर ठोक्याला गाडी किती जवळ आली, त्याचा हिशोब बंदूकच लावती आन् आकडा दाखवती." चेंडू मारत मारत ते भिंतीकडे सरकत गेले, आणि चेंडू खरंच लवकर लवकर परत यायला लागला. आई दारात लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आन् गाडी मळकी असली तर? मळक्या भांड्यातनं कुठं उजेड माघारी येतो?" अण्णा थांबले. "नंबराच्या पाटीवर धरायचं, नायतर हेडलाइटच्या काचेवर. चकचकीत असतं ना, तिथनं चांगला माघारी येतो." आई म्हणाली, "म्हंजे तुमच्या बंदुकीला गाडी दिसतच नाय. चकाकी दिसती नुसती." अण्णांना ते इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्या दिवशी चौकीत सगळ्यांना ऐकवलं.

बंदूक रस्त्यावर आली आणि पहिल्या काही दिवसांतच तिच्यात दत्तामामा सापडला. पेठेच्या घाटातून उतरून सरळ रस्त्याला लागला होता, मागे टोमॅटो, पाय ॲक्सिलरेटरवर. अण्णांनी हात केला. मामाला वाटलं, दाजी चहाला थांबवतायत. तो हसत उतरला. अण्णांनी पावती फाडून त्याच्या हातात दिली. आजूबाजूला चार ड्रायव्हर उभे होते, त्यातले दोन त्याच्याच बाजारातले. मामानं पावती खिशात कोंबली आणि गाडी काढली. संध्याकाळी परतताना तो आमच्याकडे वळला नाही. त्या आठवड्यात आला नाही, पुढच्याही नाही.

आईनं भांडण केलं नाही. तिनं बोलणंच बंद केलं. भाकरी थापायचा आवाज मात्र वाढला. अण्णांचं ताट त्यांच्यासमोर ठेवलं जायचं, पाणी ठेवलं जायचं, आणि मग भिंतीकडे बघून बोलणं व्हायचं, "मने, इचार, आजून कोरड्यास पायजे का." अण्णा माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग, लई झालं." दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेला मामा आला नाही तर काय, हा प्रश्न आई कुणालाच विचारत नव्हती आणि घरभर तोच होता. एकदा पहाटे चुलीपाशी ती एकटीच म्हणाली, "एकुलता एक भाऊ आन् एकुलता एक नवरा. निवडायचं कसं?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

मामाकडे जाणारी मीच उरले होते. त्याला आणखी एक कारण होतं. वर्षभरापासून मामा मला पिकअप चालवायला शिकवत होता. लेण्याद्रीकडच्या मोकळ्या माळावर, आणि पुढं हात बसल्यावर जुन्नरच्या रस्त्यानं. परवानाही निघाला होता. आईला माहीत होतं, अण्णांना नाही. "सांगू नको ह्यांना," आई म्हणाली होती. "रोज काय काय बघत्यात रस्त्यावर. तू गाडीवर बसलीस की ह्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाय." तसा तो न सांगण्याचा ठराव आम्हा तिघांचा होता.

पावतीनंतर मामाला एकच ध्यास लागला. बंदूक आंधळी करायची. बाजारातल्या ड्रायव्हरांनी त्याला सांगितलं, आरशाला सीडी टांग, तिच्यावरून लेझर भलतीकडंच फेकला जातो. त्या वर्षी निम्म्या जीपगाड्यांत सीड्या लटकत होत्या. मामानंही लावली. मी सांगितलं, मामा, बंदूक पाटीवर धरतात, आरशावर नाही, आणि सीडी तर आरशासारखी चकाकते. मग आईचं ते चकाकीचं वाक्य मीच त्याला सांगितलं. तो तव्याची काजळी आणि जुनं ऑईल कालवून बसला. शेवटी तो मला घेऊन जुन्नरला बशीरभाईंकडे गेला.

बशीरभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. वडिलांपासून चालत आलेलं दुकान, दारात डायनॅमोंचा ढीग, आत कायम गरम सोल्डरचा वास. त्यांचे मेहुणे आखातात होते. त्यांनी कुणा शेठच्या मोटारीवरून काढलेलं एक यंत्र बशीरभाईंना गंमत म्हणून आणून दिलं होतं. दोन काळे डोळे, बोराएवढे, आणि एक डबी. "देखो मनीषाबेटी," बशीरभाई म्हणाले. त्यांचं मराठी आणि हिंदी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चालायचं. "बंदुकीचा उजेड अपने कू दिसत नाय. पण ह्या डोळ्यांना दिसतो. दिसला की हे पण तसलाच उजेड उलटा मारतात, धडाधड. आता बंदुकीकडं दोन दोन उजेड गेले. खरा कुठला, खोटा कुठला? तिचा हिशोबच लागत नाय." मी विचारलं, नुसतं उजेड आला म्हणून ओरडणारं यंत्रही असतं ना? ते हसले. "असतं की. पण लेझरचा पट्टा सुतळीसारखा बारीक. तुझ्या गाडीवर पडला तवाच ते ओरडणार. तोवर आकडा निघाला. चोर पळाल्यावर कुत्रं भुंकून काय उपयोग?" त्या दुकानात मला कॉलेजातल्या प्रयोगशाळेइतकंच बरं वाटायचं. यंत्र विकायचं त्यांच्या मनात नव्हतं. चालतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी पिकअपच्या पाटीच्या दोन्ही अंगांना ते डोळे बसवले आणि मामानं माझ्याबरोबर निरोप धाडला, "सांग तुझ्या बापाला. म्हणावं, दत्ताची गाडी आता धरून दाखवा."

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. अण्णांनी जेवण पुरं केलं, चूळ भरली, सुपारी कातरली. मग म्हणाले, "बघाया पायजे." दुसऱ्या दिवशी त्यांनी फौजदारसाहेबांना सगळं सांगून टाकलं, दत्तामामाच्या नावासकट. साहेब नवीन होते, वयानं माझ्यापेक्षा फार मोठे नसतील, आणि त्यांनाही उत्सुकता होती. असली यंत्रं आज ना उद्या रस्त्यावर येणारच, तर आपणच आधी बघू, कारवाई वगैरे काही नाही, असं म्हणून त्यांनी साखर कारखान्याकडे जाणारा रस्ता ठरवला. गाळप सुरू व्हायला अवकाश होता, रस्ता सरळसोट आणि ओस होता. आईनं मला सोबत पाठवलं. "जा बाई. दोघं येकमेकांच्या उरावर बसत्याल."

दुपारच्या उन्हात आम्ही पाचजण त्या रस्त्यावर उभे राहिलो. मामा आणि अण्णा समोरासमोर आले, पण मामा बोलत होता साहेबांशी आणि अण्णा बशीरभाईंशी. अडचण पहिल्याच मिनिटाला आली. मामा स्टिअरिंगकडे निघाला तसे अण्णा साहेबांना म्हणाले, "ह्यो नको. मधीच पाय काढील आन् म्हणंल यंत्रानं केलं." मामा उसळला, "मग तुमचा कुणी शिपाई बसवा की! तो मुद्दाम तिसऱ्या गेरवरच ठेवील!" साहेब जीपमधून एकटेच आले होते आणि बंदुकीपाशी त्यांना स्वतः थांबायचं होतं. बशीरभाईंनी हात वर केले, त्यांचा डावा पाय लुळा होता. उसाच्या पात्यांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"मी चालवते," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग मामाकडे. मामानं आभाळाकडे पाहिलं. मी पर्समधून परवाना काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि अण्णांना म्हणाले, "हवालदार, लायसन बरोबर आहे." अण्णांनी बंदुकीचा पट्टा गळ्यात अडकवला.

पहिली फेरी नुसती सीडी लटकवून. मी लांबच्या बाभळीपासून निघाले, काटा सत्तरवर आणला आणि तसाच धरला. जवळ येऊन थांबले तर साहेब हसत होते. बाभळीपासून जेमतेम सुटले होते तेव्हाच आकडा पडला होता. मामानं सीडी उपटून उसात भिरकावली. मग काजळी. मामानं पाटी काळीकुट्ट केली, हेडलाइटवर गोणपाटाचे तुकडे बांधले. या खेपेला बंदूक अडखळली. अण्णांना दोनदा चाप दाबावा लागला, आणि मी बरीच जवळ आल्यावर आकडा मिळाला. पण मिळाला. "आन् पाटी वाचता येत नाय, त्याची येगळी पावती," अण्णा साहेबांकडे बघून म्हणाले. मामानं तोंड फिरवलं. बशीरभाईंनी फडक्यानं पाटी पुसून काढली, डोळ्यांवरची धूळ फुंकली आणि बटण दाबलं. "चल बेटी. बिस्मिल्ला."

तो रस्ता मला अजून आठवतो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, खिडकीतून येणारा गोडसर हिरवा वास, स्टिअरिंगचा थरथराट मनगटांत, आणि समोर लहानशी खाकी आकृती, डोळ्याला बंदूक लावून माझ्याकडेच रोखलेली. मला भीती वाटली नाही. उलट इतकं मोकळं मला क्वचितच वाटलं असेल. मी त्यांच्या जवळून गेले, थांबले, मागं वळून पाहिलं. अण्णा बंदूक हलवून बघत होते. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. साहेबांनी बंदूक घेतली, म्हणाले, परत. मी परत गेले, परत आले. पुन्हा रेघा.

मामानं टोपी हवेत उडवली. "बगा! बगा दाजी! आंधळी झाली का नाय!" दोन महिन्यांत पहिल्यांदा तो अण्णांशी थेट बोलला होता, आणि हे त्याच्याही लक्षात आलं नाही. बशीरभाई डबीवर हात फिरवत होते, लेकरानं परीक्षा पास केल्यासारखे. साहेबांचा चेहरा उतरला. अण्णा मात्र रस्त्याकडे बघत उभे होते. मग नेहमीच्या सावकाशीनं म्हणाले, "साहेब, ऊन सोच्छ हाय. रस्ता मोकळा हाय. समोर अख्खी लोखंडाची गाडी हाय. आन् बंदूक म्हणती, काय बी नाय."

"मग?" साहेब म्हणाले.

"मग बैलगाडीचा बी आकडा येतो. शाळंच्या सायकलीचा बी येतो. ज्याचा येत नाय, त्यानं कायतरी लपावलंय. उद्यापास्नं रेघा दिसल्या की हात करायचा आन् गाडी बाजूला घ्यायची. मोजायचं कामच नाय."

साहेबांनी हळूच मांडीवर थाप मारली. मामा रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसला. त्याला उलगडायला थोडा वेळ लागला, आणि मग तोच सगळ्यांत आधी हसला. "आयला बशीरभाई! म्हंजे आपण गाडीला डोळं नाय लावलं, 'चोर आला, चोर आला' म्हणून भोंगा लावला!" बशीरभाईंना इतकं हसू आलं की त्यांना पिकअपचा आधार घ्यावा लागला. त्यांनी तिथल्या तिथं पेचकस काढला आणि दोन्ही डोळे उतरवून खिशात टाकले. यंत्र चालतं, हे त्यांना कळलं होतं, त्यांना तेवढंच हवं होतं.

हसणं ओसरल्यावर अण्णा मामाशेजारी मोरीवर जाऊन बसले. मी गाडीपाशीच थांबले, पण वारा माझ्या बाजूचा होता. "दत्ता, तुला त्या दिशी सोडला असता, तर मागच्या गाडीची पावती कुठल्या तोंडानं फाडली असती?" मामा पायानं माती उकरत राहिला. अण्णा म्हणाले, "बंदुकीच्या दुर्बिणीतनं तुझी गाडी लई लांबनं दिसती. निळी ताडपत्री. दिसली की बरं वाटतं, चला, आला. म्होरं गेली की परत काळजी. घरी तुझी भण हाय, तिला काय सांगायचं मी?" मामा म्हणाला, "चार लोकांत फाडली वो दाजी. मला तेवढंच लागलं." अण्णा म्हणाले, "ते चुकलं. बाजूला घ्यायला पायजे व्हतं." एवढंच. पुरुषमाणसांचा समेट इतका थोडक्यात होतो, हे मला तेव्हा अपुरं वाटलं होतं. आता वाटत नाही. मामाचा वेग एका दिवसात उतरला असं मी म्हणणार नाही, पण उतरला, आणि म्हातारपणी त्याच्या मागं बसणारी नातवंडं त्याला "आजोबा, जरा दाबा की" म्हणायची. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तो सकाळीच आला आणि मुक्कामाला राहिला. आईनं ओवाळताना त्याला ओरबाडावं तसा कुंकवाचा टिळा लावला आणि मग रडली.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या दुपारची परतीची वाट. साहेब जीप घेऊन पुढं गेले, बशीरभाई त्यांच्या स्कूटरवर जुन्नरला. मामा निमूटपणे पिकअपच्या हौद्यात चढला आणि दांडी धरून उभा राहिला. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्या शेजारी बसले. पहिला मैलभर ते माझ्या पायांकडे बघत होते, क्लच, ब्रेक, क्लच. मी वाट बघत होते, कधी विचारतील. शेवटी म्हणाले, "वळणाच्या आधीच गेर काढतीस."

"मामानं शिकवलं."

"त्याला सोताला येत नाय ते," अण्णा म्हणाले, आणि खिडकीच्या काठावर कोपर टेकवून आरामात बसले.

हमरस्त्याला लागलो. समोरून कांद्याच्या गोण्यांनी भरलेला ट्रक येत होता. लांब असतानाच त्यानं दोनदा हेडलाइट मारले. अण्णा दचकून सावरून बसले. "का गं? आपलं काय चुकलं? लाइट का मारतोय?"

मागच्या काचेवर टकटक झाली. मामा वाकून ओरडत होता, "दाजी, म्होरं पोलीस हायेत! सांगतोय तो आपल्याला!"

ड्रायव्हर एकमेकांना असं सांगतात, हे अण्णांना माहीत नव्हतं असं नाही. त्यापायी किती गाड्या आकडा यायच्या आत हळू झाल्या, म्हणून ते वर्षानुवर्षं करवादायचे. पण ते नेहमी रस्त्याच्या कडेला उभे. त्यांच्यासाठी कुणी लाइट मारायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या पोटातून हसू वर आलं. खांदे गदगदायला लागले, डोळ्यांतून पाणी. "मने, हात कर त्याला," कसंबसं म्हणाले. "वळख ना पाळख, आपल्यासाठी सांगितलं बिचाऱ्यानं." आणि माझ्या आधी त्यांनीच खिडकीतून खाकी बाहीचा अख्खा हात बाहेर काढला आणि हलवला. ट्रक शेजारून गेला. ड्रायव्हरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढच्या वळणावर साहेबांची जीप उभी होती, आणि साहेबांनी बंदूक डोळ्याला लावून सरळ आमच्यावर धरली होती. मी पाय हलवला नाही, आहे तसाच ठेवला. जवळ आल्यावर अण्णांनी डोकं बाहेर काढलं.

"साहेब, किती?"

साहेबांनी चार बोटं वर केली. चाळीस.

"आमची पोरगी हाय ती," अण्णा ओरडले.